साळवे सरांचं अक्षर

साळवे सर उजवा हात कायम पँटच्या खिशात ठेवायचे. वर्गात, जिन्यावर, चहाच्या टपरीवर, कुठंही. खडू डाव्या हातात, डस्टर डाव्या हातात, चहाचा ग्लासही डाव्याच हातात. पोरांना ती त्यांची ऐट वाटायची आणि दोघंतिघं तर हौसेनं तसंच उभं राहायला लागली होती. मलाही आधी ऐटच वाटली. मी तेव्हा सावेडीतल्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग आणि डॉस शिकवत होते, आणि नव्या माणसाबद्दल वाईट मत करून घ्यायला मला फारसा वेळ लागत नसे.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. नगरमध्ये गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि आमचाही त्यातलाच एक. आठ मशीन, एक खडखडणारा प्रिंटर, आणि बाहेर चपला काढायची सक्ती. ग्राफिक्सचं प्रोग्रॅमिंग शिकवणारा मुलगा एका सोमवारी न सांगता पुण्याला निघून गेला. फी घेऊन बसलेल्या बॅचला आता काय सांगायचं, म्हणून मालक डोकं धरून बसले. तेव्हा सकाळच्या बॅचमधला एक चाळिशीचा विद्यार्थी उठून म्हणाला, "मी बघू का सायेब? मला येतंय तेवढं." ते साळवे. कॉलेजच्या पोरांमध्ये बसून वर्षभर शिकत होते. त्याआधी वीस वर्षं ते पेंटर होते. मिरजगावपासून नगरपर्यंतच्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. मालकांनी नाइलाजानं हो म्हटलं. मी मनात म्हटलं, झालं, आता भिंती रंगवणारा माणूस कॉम्प्युटर शिकवणार.

त्यांचा पहिला तास मी दारात उभी राहून ऐकला, कारण मला चुका काढायच्या होत्या. त्यांनी पडद्यावर एक कोरी खिडकी उघडली आणि विचारलं, "शून्य कुठं हाय?" एका मुलीनं शाळेतल्या आलेखाप्रमाणे डावीकडचा खालचा कोपरा दाखवला. सर म्हणाले, "भिंत खालून रंगवायला घेतली तर वरचे ओघळ कुठं येतील?" मुलगी म्हणाली, "खालच्या रंगावर." "मग? शहाणा माणूस वरून सुरू करतो. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात. उजवीकडं गेलं की पहिला आकडा वाढतो, खाली उतरलं की दुसरा. ज्यानं कुणी हे बनवलं त्याच्या घरात कुणीतरी पेंटर असणार." पोरं हसली. मी दारातून निघून आले, कारण चूक सापडली नव्हती.

पुढं मी रोजच थोडा वेळ दारात थांबू लागले. अक्षर काढण्याआधी त्याची रुंदी मोजायची, हे त्यांनी एका गोष्टीवरून शिकवलं. पोरवयात एका पेंटर उस्तादाच्या हाताखाली असताना त्यांनी कर्जतला एका किराणा दुकानाच्या भिंतीवर पहिली पाटी काढली. उत्साहाच्या भरात न मोजता लिहीत गेले आणि शेवटचं अक्षर यायच्या आत भिंतच संपली. मग ते अक्षर त्यांनी दरवाजाच्या चौकटीवर काढलं. दार उघडलं की अक्षर दिसायचं नाही. उस्तादानं मारलं नाही, फक्त रोज येता-जाता ती पाटी मोठ्यानं वाचायला लावली. "आमच्याकडं सूत हुतं, दोरी. तुमच्याकडं कॉम्प्युटर रुंदी सांगतो. फुकट सांगतो तर इचारायला काय जातंय? खिडकीची रुंदी घ्या, तिच्यातनं अक्षरांची रुंदी वजा करा, उरलेल्याचं अर्धं डावीकडं सोडा. बसलं मधोमध."

एका मुलानं आधी नाव लिहिलं आणि मग त्यावर चित्र आणून ठेवलं. नाव गायब. तो मशीन खराब आहे म्हणून ओरडायला लागला. सर शांतपणे म्हणाले, "आधी पाटी लिहून मग चुना मारलास. चुन्यानं तरी काय करावं?" पार्श्वभूमी, मग चित्र, सर्वात शेवटी अक्षर, हा क्रम त्या बॅचमधला एकही जण पुढं विसरला नसेल.

पण त्यांचा आवडता धडा वेगळा होता. आपण खिडकीत काहीतरी काढतो, तिच्यावर दुसरी खिडकी येते, ती बाजूला केली की आपलं काढलेलं पुसलेलं असतं. नवशिके इथं हमखास रडकुंडीला येतात. सर फळ्यावर खडूनं एक आंबा काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे आणि एखाद्याला म्हणायचे, "आता तोच आंबा काढ." कुणालाच तोच जमायचा नाही. मग ते देठाची जागा, पोटाचा फुगवटा, टोकाचं वळण असे आठ-दहा आकडे फळ्याच्या कडेला लिहायचे, पुन्हा पुसायचे, आणि त्या आकड्यांवरून कुणीही तोच आंबा काढायचा. "कॉम्प्युटर चित्र ध्यानात ठेवत नाही. झाकलं गेलं की तो फक्त सांगतो, पुसलंय, परत काढ. काढायचं कसं ते तुमी लिहून ठेवलेलं पाहिजे." हे शिकवताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू व्हायचा.

ते मधल्या सुट्टीत आमच्याबरोबर डबा खात नसत. मशीनच्या खोलीत जाऊन, दाराकडे पाठ करून जेवत. दर रविवारी ते आईला भेटायला मिरजगावला जात, पण जाण्याआधी माळीवाड्याच्या स्टँडवर पोटभर खाऊन घेत. हे त्यांनीच मला एकदा सहज सांगितलं. आईच्या घरी जाणारा माणूस स्टँडवर जेवतो म्हणजे मायलेकांचं काहीतरी बिनसलेलं असणार, असा मी अर्थ लावला.

खरं कारण मला एका दुपारी कळलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. मी एका हातानं झाकण धरलं आणि म्हणाले, "सर, दोन्ही हात लावा की जरा." त्यांनी उजवा हात बाहेर काढला. तो थरथरत होता. थंडीनं थरथरतो तसा नाही. मनगटापासून बोटांपर्यंत, न थांबता. तीन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या भिंतीवर काम करताना ते परांचीवरून पडले होते. हाड सांधलं, पण हात काही थांबला नाही. त्या हातानं घास धड तोंडापर्यंत जात नसे, म्हणून ओळखीच्या माणसांसमोर जेवणं नाही. कागद काढून झाल्यावर त्यांनी हात परत खिशात घातला आणि म्हणाले, "आईला म्हाईत न्हाई. तिला सांगितलंय, मास्तर झालो, रंगाचं काम सोडलं."

मी म्हटलं, आईपासून काय लपवायचं? तर म्हणाले, "मॅडम, वडील गेल्यावर ती धा-बारा हंगाम ऊसतोडीला गेली. मला घेऊन गेली न्हाई. उस्तादाच्या दारात आणून सोडलं, म्हणाली, याच्या हातात कोयता येऊ देऊ नका. ह्या हातावर तिनं लई जीव टाकलाय." इतके दिवस त्या खिशाला मी ऐट म्हणत होते, त्याची लाज वाटली.

या आईला मी पुढं भेटले, पण तिची ओळख आधी तिच्या प्रवासावरून झाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी ती महिन्यातून एकदा मिरजगावहून नगरला एकटी यायची. कुणी आणायला गेलेलं तिला खपत नसे. "मी काय पोतं हाय का उचलून आणायला?" म्हणायची. रस्ता ती मुलाच्या पाट्यांवरून ओळखायची. पाटीवर काय लिहिलंय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. अक्षर तेवढं तिच्या ओळखीचं होतं. सरांच्या अक्षराला दोन खोडी होत्या. शिरोरेघ डावीकडून उजवीकडं जराशी चढत जायची, आणि काना खाली आला की त्याला टाच मारल्यासारखा छोटा बाक असायचा. आई खिडकीतून बघत यायची. गॅरेजची पाटी आली म्हणजे अर्धा रस्ता झाला, चहाच्या हॉटेलची आली म्हणजे नगर जवळ आलं. स्टँडवरून सावेडीची रिक्षा, आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर पोराचं अक्षर दिसलं की उतरायचं. गिरणीसमोरच सरांचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून ते नगरला आलेले.

मग गिरणीवाल्यानं भिंत पांढरी करून घेतली आणि वर नवी चकचकीत पाटी लावली. कॉम्प्युटरवर कापलेली लाल अक्षरं, मापात, सरळ. त्या महिन्यात आई निघाली. सर दुपारपर्यंत खिडकीत उभे, मग रस्त्यावर, मग स्टँडवर. आई आलीच नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते मिरजगावला गेले तर आई घरी बसून भाकरी थापत होती. रिक्षावाल्यानं "कुठं उतरायचं मावशी?" म्हणून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं होतं, "पोराची पाटी आली की." पाटी काही आली नाही. सावेडी संपली, रिक्षावाल्यानं तिला परत स्टँडवर आणून सोडलं, आणि ती पुढच्या एसटीनं गावी परतली. मुलाला म्हणाली, "तुझी पाटी न्हाई, मला वाटलं तू ऱ्हायला दुसरीकडं गेला."

सरांनी पत्ता पाठ करून घ्यायला सांगितलं. तिनं ऐकलं नाही. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आणायला गेल्या. आली नाही. "पाटी लाव, मंग यीन. न्हाईतर तू येतोच की हिकडं." एवढंच तिचं म्हणणं. सरांनी एका जुन्या शिष्याकडून गिरणीच्या भिंतीवर आपल्या वळणाची पाटी काढून घेतली. उतरत्या उन्हात थोडा वेळ तिच्याकडं बघत उभे राहिले आणि स्वतःच ती पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी क्लासला आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, अक्षर माझ्या डोक्यात हाय तसंच्या तसं. हातापर्यंत येताना सांडतंय."

तिथून पुढचे चार-पाच महिने आमच्या क्लासमध्ये जे चाललं ते अभ्यासक्रमात नव्हतं.

आधी त्यांनी सोपा मार्ग धरला. गिरणीच्या जुन्या पाटीचा एक फोटो कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये निघाला. वरातीमागं पाटी. फोटो स्टुडिओतून तो कॉम्प्युटरवर चढवून आणला आणि खिडकीत मोठा करून दाखवला. लहान होता तोवर सुरेख दिसला. भिंतीच्या मापाला वाढवल्यावर प्रत्येक वळणाला पायऱ्या पडल्या. सर म्हणाले, "हे अक्षर हाय का पायऱ्यांची बारव?" त्यावरूनही त्यांनी पोरांचा एक तास घेतला. चित्र म्हणजे ठिपक्यांची चौकट, ताणलं की ठिपके मोठे होतात. अक्षर रेषांनी काढलं, कुठून कुठं जायचं ते आकड्यांत लिहिलं, तर कितीही वाढवा.

मग ते आकडे गोळा करायला लागले. ‘पिठाची गिरणी’ या पाटीला लागणारी अक्षरं जुन्या पाट्यांवर शिल्लक होती, पण विखुरलेली. च चहाच्या हॉटेलवर, ग गॅरेजवर, ण एका किराणा दुकानावर. ठ कुठंच मिळेना. शेवटी कर्जतला मिठाईच्या दुकानावर सापडला. सर एसटीनं जायचे, दुकानदाराकडून स्टूल मागायचे, डाव्या हातानं पाटीवर पट्टी ठेवायचे आणि प्रत्येक वळण वरून किती नि डावीकडून किती ते मोठ्यानं सांगायचे. वहिनी वहीत लिहायच्या. एका ठ चे चाळीसवर आकडे झाले. "आकडा थरथरत न्हाई," असं ते एकदा म्हणाले.

ती वही टाइप करायचं काम माझ्याकडं आलं, कारण त्या क्लासमध्ये सर्वात वेगानं टाइप मीच करत होते. मी मनापासून केलं. इतकं मनापासून की त्यात एक गोष्ट सुधारली. शिरोरेघेच्या आकड्यांत मला घोळ दिसला. डावं टोक बारावर तर उजवं नऊवर. वहिनींची लिहिताना चूक झाली असणार असं समजून मी सगळीकडं बारा करून टाकलं. प्रोग्रॅम चालला, पडद्यावर अक्षरं उमटली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर खुर्ची पुढं ओढून बघत राहिले. मग म्हणाले, "हे कुणाचं अक्षर हाय?"

मी अभिमानानं सांगितलं की रेघ तिरपी जात होती, ती मी सरळ केली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तुमी लई सरळ माणूस. पर आईला सरळ रेघ ओळखू येणार न्हाई. परांचीवर उभं राहून उजवीकडं हात लांबवला की माझा खांदा वर जायचा. ती रेघ खांद्यानं काढलेली हाय." मी त्या संध्याकाळी सगळी शिरोरेघ पुन्हा टाइप केली, प्रत्येक उजवं टोक तीननं वर चढवत. दुसऱ्यांदा प्रोग्रॅम चालवला तेव्हा पडद्यासमोर डावा हात नेऊन त्यांनी कान्याच्या खालच्या टाचेवर बोट ठेवलं.

प्रिंटर अरुंद कागदाचा. म्हणून त्यांनी पाटीचे उभे तुकडे पाडले आणि एकेक पट्टा छापला. रिबिन संपली म्हणून मालक कुरकुरले, पण बघायला तेच सर्वांत आधी उभे. पट्टे पिठाच्या खळीनं जाड पुठ्ठ्यावर चिकटवले, पोरांनी ब्लेडनं अक्षरं कापून काढली, आणि एका रविवारी सकाळी तो पुठ्ठा गिरणीच्या भिंतीवर धरून सरांनी स्पंजानं निळा रंग ठोकला. उजव्या हातानं. कापलेल्या अक्षराच्या बाहेर रंग जायला वाटच नव्हती, त्यामुळं हात थरथरला काय नि न थरथरला काय. गिरणीवाला म्हणाला, "माझ्या नव्या पाटीखाली ही जुनी कशाला?" सर म्हणाले, "राहू द्या. एक गिऱ्हाईक यायचंय."

आई पुढच्या आठवड्यात आली. सर, मी, वहिनी आणि क्लासमधली चारपाच पोरं गिरणीसमोर उभे होतो. सरांनी ताकीद दिली होती की कुणी हात करायचा नाही, कुणी हाक मारायची नाही. रिक्षा आली तशी तिचा वेग काही कमी होईना. ती आमच्यासमोरून पुढं गेली. सरांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडं बघितलं. विजेच्या खांबापर्यंत जाऊन रिक्षा थांबली. रिक्षावाला कुरकुरत असावा, कारण आतून म्हातारीचा ठणठणीत आवाज आला, "थांब म्हटलं की थांबायचं. मागं ऱ्हायलं."

पांढरं नेसलेली, लहान चणीची बाई. आमच्याकडं न बघता ती आधी भिंतीपाशी गेली. मान वर करून डावीकडून उजवीकडं पाहिलं, कान्याच्या टाचेवरून हात फिरवला. मग मुलाकडं वळून म्हणाली, "हात बरा हाय म्हणायचा."

सर म्हणाले, "व्हय."

त्या दिवशी मीही त्यांच्या घरी जेवायला होते. सरांनी पाहुणे आहेत म्हणून वाढायचं काम घेतलं, डाव्या हातानं, आणि स्वतः बसलेच नाहीत. आई परत निघाली तेव्हा सरांना गिरणीवाल्यानं दोन मिनिटं थांबवून घेतलं, म्हणून आईला स्टँडवर न्यायला रिक्षात मी बसले. ते मागून सायकलवर येणार होते. रिक्षा चालू झाल्यावर म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी बी त्याच शाळंत हाय ना? त्याला म्हनू नका मी बोलले ते."

मी विचारलं, काय?

"तीन वर्सं झाली, घरी येतो, पर जेवत न्हाई. कायम जेवून येतो. आईच्या घरी जेवून येनारं पोर बघितलंय का कुठं? मंग पाटी बी गेली. म्हटलं, पाटी लाव. हात बरा असंल तर लावील, नसंल तर सांगंल तरी. आज बघितलं. अक्षर त्याचंच हाय. पर रंग काय हातानं भरल्याला न्हाई, ठिपकं ठिपकं हाय. ब्रश असा न्हाई चालत त्याचा."

मला रडू आलं होतं आणि ते लपवायची गरज वाटली नाही. मी म्हटलं, मग त्यांना सांगा की तुम्हाला कळलंय.

"कशाला? एवढं करून त्यानं लपवलं. असू दे. फुडच्या रविवारी भाकरी दुधात कुस्करून ठीवीन. म्हनंन, माझं दात गेलं, दोघंबी चमच्यानं खाऊ. चमचा कुठल्याबी हातात चालतो."

मी तो क्लास त्याच वर्षी सोडला. सरांची शेवटची आठवण त्या दिवशीचीच, स्टँडवरची. ते सायकलवरून धापा टाकत आले, आईची पिशवी डाव्या हातात घेऊन तिला गाडीत बसवलं, खिडकीची जागा मिळवून दिली. पिशवी अजून डाव्याच हातात होती, ती द्यायची राहिली, आणि गाडी हलली. ते दोन पावलं धावले, पिशवी खिडकीतून आत सरकवली आणि तोल जाऊ नये म्हणून डाव्या हातानं स्टँडच्या खांबाला धरलं. आई खिडकीतून हात हलवत होती. मग त्यांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि वर केला. तो हलवावा लागला नाही. आपला आपणच हलत होता. गाडी वळेपर्यंत त्यांनी तो तसाच वर धरला, आणि शेजारून जाणाऱ्या माणसांना ते निरोप देणंच वाटलं.